मंत्रिमहोदय, आमच्याकडे येणारा प्रत्येकजण धबधबा बघायला येत नाही

प्रति,
मा. मंत्री महोदय,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : सर्व्हिस अपार्टमेंटला लावलेला व्यापारी वीजदर, फरकाचं बिल आणि त्यापायी चाललेला छळ

महोदय,

सविनय नमस्कार. आपण कामात असणार, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

साताऱ्याच्या बोगद्यातून बाहेर पडलं की सज्जनगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका गावात माझी सहा फ्लॅटची छोटी इमारत आहे. सर्व्हिस अपार्टमेंट म्हणतात तसली. कामानिमित्त आठवडा, पंधरवडा, महिना साताऱ्यात काढावा लागणारी माणसं तिथे राहतात. गेल्या महिन्यात या इमारतीला १ लाख ८४ हजारांचं फरकाचं बिल आलं. मागच्या तारखेपासून व्यापारी दर. मुदतीत भरा, नाहीतर जोडणी तोडू. मुदत संपायच्या आधीच माणूस शिडी घेऊन आला आणि तोडून गेलासुद्धा. वरच्या फ्लॅटमध्ये एक इंजिनिअर पुण्यातल्या साहेबांशी ऑनलाइन मीटिंगमध्ये बोलत होता, तो बोलता बोलता बंद पडला. संध्याकाळपर्यंत त्याच्या कंपनीने त्याच्यासह आपल्या तिन्ही माणसांना शहरातल्या हॉटेलात हलवलं आणि पुढच्या दोन महिन्यांचं बुकिंग रद्द झालं. मी हातापाया पडून, थोडी रक्कम भरून वीज जोडून घेतली. गेलेले पाहुणे काही परत आले नाहीत.

आता शासनाचा निर्णय शासनालाच आठवून द्यायची वेळ आलीय. डिसेंबर २०२० मध्ये आदरातिथ्य क्षेत्राला उद्योगाचा दर्जा दिला. १ एप्रिल २०२१ पासून वीज, पाणीपट्टी, मालमत्ता कर औद्योगिक दराने, असं ठरलं. तो शासन निर्णय फाइलला लावूनच मी बँकेत गेले. मॅनेजरने वाचला, मान डोलावली, कर्ज दिलं. माझा हिशेबच त्या दरावर बसवलेला होता. आणि आता संबंधित कार्यालयातले गृहस्थ चष्मा कपाळावर सरकवून सांगतात, ‘ते हॉटेलांना असतं, ताई. तुम्ही हॉटेल नाही.’

‘मग घरगुती लावा.’

‘तुम्ही घर पण नाही.’

मग मी आहे तरी कोण, हे आपण सांगावं. जीएसटीवाल्यांच्या लेखी मी हॉटेलच आहे. रोजचं भाडं साडेसात हजारांच्या आत, म्हणून २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के, तेही इनपुट क्रेडिटशिवाय. म्हणजे एसी आणि वॉशिंग मशीन घेताना भरलेला कर माझ्याच बोकांडी. महिन्याच्या भाड्याने घर म्हणून द्यायला जावं, तर समोरच्या कंपनीचा अकाउंटंट म्हणतो, ‘मॅडम, आरसीएममध्ये, म्हणजे घरमालकाऐवजी भाडेकरूने जीएसटी भरायच्या पद्धतीत, अठरा टक्के आम्हाला पडतील, रोजचंच बिल करा.’ बांधकाम परवानगीवर रहिवासी लिहिलंय. जमीन गावठाणापासून दोनशे मीटरच्या आत, जमीन महसूल कायद्याच्या कलम ४२-ड खाली अकृषिक झाली तीही रहिवासासाठीच. परदेशी माणूस उतरला की चोवीस तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरा, तेव्हा मी पुन्हा हॉटेल. अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू असल्याचा बी फॉर्म जानेवारीत एकदा, जुलैत एकदा, तेव्हाही हॉटेल. पैसे आणि कागद घ्यायचे असले की मी हॉटेल. सवलत द्यायची वेळ आली की माझी वर्गवारीच सापडत नाही!

कोणी सुचवलं, निवास-न्याहारी योजनेत जा. त्यात मालकाने पाहुण्याबरोबर त्याच घरात राहायचं. मी राहते दोन आळ्या पलीकडे, सासूबाईंना घेऊन. कोणी म्हणालं, कृषी पर्यटनात जा. माझा पाहुणा रात्री नऊला चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्यांवरून ग्रीसने माखलेला बॉयलर सूट घालून येतो. त्याला भातलावणी दाखवू की हुरडा खाऊ घालू?

तुमच्या सगळ्या कागदांत पाहुणा एकच आहे. तो शनिवारी येतो, ठोसेघरच्या धबधब्यावर फोटो काढतो, कासला फुलं तुडवतो, कणीस खातो आणि रविवारी संध्याकाळी यवतेश्वर घाटात हॉर्न वाजवत परत जातो. त्याच्यासाठी धोरणं, महोत्सव, सेल्फी पॉइंट. कास २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलं, आम्हालाही अभिमान आहे. पण फुलं सप्टेंबर-ऑक्टोबरात, धबधबा पावसाळ्यात. उरलेले महिने गावाने काय करायचं?

माझ्याकडे येणारी माणसं बाराही महिने येतात, आणि सोमवार ते शुक्रवार राहतात. पावसाळ्यात वारा जोरात सुटायच्या आधी पवनचक्क्यांची देखभाल उरकायची असते, तेव्हा टेक्निशियनची पोरं. मार्चनंतर ऑडिटवाले. गळीत हंगामाच्या तोंडावर साखर कारखान्यांची मशिनरी बघणारे. मधल्या काळात देगावच्या एमआयडीसीत नवं मशीन बसवायला आलेले, हायवेच्या सहापदरी कामाचे कन्सल्टंट. त्यांना स्विमिंग पूल नको असतो. प्लग पॉइंट असलेलं टेबल हवं, न तुटणारं इंटरनेट हवं, कुकर आणि शेगडी हवी. एका तमिळ इंजिनिअरसाठी मी कॉफीचा फिल्टर पुण्याहून मागवला. बॉयलर सूटसाठी वेगळी वॉशिंग मशीन ठेवलीय, कारण ते ग्रीस एकदा ड्रमला लागलं की पुढच्या पाहुण्याच्या पांढऱ्या चादरीवर उतरतं. आमच्याकडे पावसाळ्यात कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, म्हणून एका खोलीत दोऱ्या बांधून हीटर लावलाय. तो हीटर आता व्यापारी दराने चालतो, हे आपल्या माहितीसाठी.

आणि वीज कुठली, तर याच जिल्ह्यातल्या पाण्यावरची आणि वाऱ्यावरची. कोयनेची क्षमता १,९६० मेगावॉट. गच्चीवर उभं राहिलं की डोंगरावर पवनचक्क्या फिरताना दिसतात. खाली माझ्या सहा फ्लॅटमध्ये जुलैत दिवसाआड जनरेटर. डिझेलचा खर्च कोणत्या वर्गवारीत दाखवू, तेही एकदा कळवा.

२०२४ च्या पर्यटन धोरणात आपण दहा वर्षांत एक लाख कोटींची गुंतवणूक आणि अठरा लाख रोजगार म्हणून सांगितलंत. त्या अठरा लाखांतले चार माझ्याकडे होते. दोघी गावातल्याच, एकीचा नवरा माथाडी, तो मुंबईला. ती सकाळी सहाला येऊन डबे करते. तिच्या हातच्या भाकरीसाठी एक ऑडिटर मुक्काम वाढवून राहिला होता. गेल्या महिन्यापासून दोघींचा पगार मी अर्धा देतेय. गंठण बँकेत आहे. मिस्टरांना बीपीची गोळी सुरू झाली, ते हल्ली पोस्टमन दिसला तरी आत जातात. सासूबाई रोज एकदा ऐकवतात की त्या जागेत ऊस लावला असता तर बरं झालं असतं. मला उत्तर सुचत नाही, कारण उसाला तरी निदान वर्गवारी आहे.

महिलांसाठीच्या ‘आई’ पर्यटन धोरणात पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज शासन भरणार, म्हणून २०२३ साली तेही वाचलं. प्रस्ताव दिला. ‘त्रुटी आहेत’ असा शेरा आला. कोणत्या, ते कोणी लिहून देत नाही. २०१५ पासून आपल्याकडे लोकसेवा हक्क कायदा आहे ना, साहेब? कार्यालयाच्या भिंतीवर त्याचा भलामोठा फलक आहे. त्या फलकाखाली उभं राहून मी पोच मागितली, तर शिक्का मारणारे रजेवर.

खरं सांगू, चीड बिलाची तेवढी नाही. नियमाने चालणाऱ्यालाच धरतात, याची आहे. ज्याने नोंदणी केली, जीएसटी नंबर घेतला, बोर्ड लावला, त्याचा पत्ता यांच्याकडे असतो. आमच्याच रस्त्यावर बिनबोर्डाच्या शे-दीडशे खोल्या सहज निघतील. शनिवारी अंगणात गाड्या मावत नाहीत, सोमवारी विचारलं तर ‘पाहुणे आले होते.’ त्यांच्या मीटरकडे कोणी शिडी घेऊन जात नाही. डोंगराच्या कडेवर काचेच्या भिंतींचे बंगले उठतात, नोटिसा निघतात, पेपरात बातमी येते, पुढच्या वर्षी त्याच बंगल्याला दुसरा मजला. नवीन महाबळेश्वर म्हणून २३५ गावांचा आराखडा काढलात; त्यात रोपवे आहे, रिसॉर्ट आहेत. गावातल्या बाईने सहा फ्लॅट चालवावेत, अशी जागा कुठे आहे तेवढं दाखवा.

जावळी-पाटणची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत ओझी वाहायला गेली. कोयनेच्या धरणग्रस्तांचं पुनर्वसन अजून संपलेलं नाही. दर निवडणुकीत इथे येऊन ‘स्थलांतर थांबवू’ म्हणतात, टाळ्या पडतात. मी स्वतः पुण्यातली नोकरी सोडून उलट दिशेने आले. माझा सत्कार केला होता तालुक्यात, शाल-श्रीफळ दिलं होतं. शाल आहे अजून, त्याच कपडे वाळवायच्या खोलीत.

मागणं फार नाही. कामानिमित्त येणाऱ्यांच्या मुक्कामासाठी सर्व्हिस अपार्टमेंट अशी स्वतंत्र नोंदणी करा आणि ती वीज, महसूल, ग्रामपंचायत, सगळ्यांना बंधनकारक करा. २०२० चा निर्णय आम्हाला लागू आहे की नाही, हे एका ओळीत लेखी द्या. लागू असेल तर फरकाचं बिल मागे घ्या. नसेल तर तसं छापून प्रसिद्ध करा, म्हणजे माझ्यासारखी दुसरी कोणी बँकेत तो कागद घेऊन जाणार नाही.

कळावे,
आपली,
सातारा तालुक्यातील एक नोंदणीकृत, करभरू आणि सध्या वर्गवारी नसलेली उद्योजिका

ता. क. दर वर्षी कासचा हंगाम आला की एक फोन येतो, ‘साहेबांचे पाहुणे आहेत, दोन फ्लॅट ठेवा, बिलाचं नंतर बघू.’ आजवर ठेवले. यंदा त्या पाहुण्यांना सांगणार आहे, आधी माझी वर्गवारी काढून आणा, मग चावी देते.