मेदपेशी आधी घडते, चरबी मग साठते

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत स्थूलतेवर येणारे लेख मी नियमाने वाचते. त्यांतला हिशेब बहुधा वाण्याच्या वहीसारखा असतो: इतक्या कॅलरी जमा, इतक्या खर्च, उरल्या त्या चरबी म्हणून शिल्लक. हा हिशेब चुकीचा नाही, अपुरा आहे. कारण ती शिल्लक ठेवायची कुठे, हा प्रश्न त्यात येतच नाही. चरबी मेदपेशींत साठते, आणि नवी मेदपेशी घडवायची की नाही, घडवायची तर शरीराच्या कोणत्या भागात, हे ठरवण्यात संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) संदेशांचा वाटा मोठा असतो. मुंबईतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षे जीवशास्त्र शिकवल्यावर माझे मत असे झाले आहे की, हा भाग वाचकांपर्यंत न पोहोचल्यामुळेच लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘वजन वाढवा’ आणि ‘चरबी वितळवा’ या दोन्ही पत्रकांना गिऱ्हाईक मिळते.

हे संदेश कोणते, ते प्रयोगशाळेतल्या एका जुन्या पद्धतीवरून स्पष्ट दिसते. हॉवर्ड ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेत उंदराच्या भ्रूणातून मिळवलेल्या पेशींचा एक वाण वेगळा केला. तो आज ३टी३-एल१ या नावाने जगभर वापरला जातो. या पेशी दिसायला साध्या, लांबट. बशीत दाटी होईपर्यंत त्या वाढू द्यायच्या आणि मग तीन द्रव्यांचे मिश्रण दोन दिवस द्यायचे. पुढे आठ-दहा दिवसांत त्या गोल होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत तेलाचे चकचकीत थेंब दिसू लागतात. त्या तीन द्रव्यांतले एक इन्सुलिन, दुसरे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, आणि तिसरे, बाहेरून आलेला संप्रेरकाचा निरोप पेशीच्या आत पोहोचवणाऱ्या सीएएमपी या रेणूचे विघटन रोखणारे रसायन. डेक्सामेथासोन म्हणजे ताणाच्या वेळी अधिवृक्क ग्रंथीतून स्रवणाऱ्या कॉर्टिसॉलचा कृत्रिम आणि कितीतरी अधिक प्रभावी भाऊबंद. स्टेरॉइड आणि ते रसायन मिळून पेशीतली सी-ईबीपी गटातली दोन प्रथिने जागी करतात, ती पीपीएआर-गॅमा हे प्रथिन तयार करायला लावतात, आणि मग पीपीएआर-गॅमा व सी-ईबीपी गटातलेच सी-ईबीपी-अल्फा एकमेकांना चालू ठेवतात. त्यानंतर बाहेरचा हुकूम थांबला तरी पेशी मेदपेशीच राहते. एरवी मेदपेशी न होणाऱ्या पेशींत पीपीएआर-गॅमा घालून त्याला योग्य चालना दिली तर त्याही मेदपेशी होतात, हे बोस्टन येथील ब्रूस स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेने १९९४ मध्ये दाखवले.

ज्या डेक्सामेथासोनने बशीतल्या पेशींना मेदपेशी केले, तेच ‘तब्येत सुधारण्याच्या’ गोळ्यांत आणि सांधेदुखीच्या बिनलेबलच्या पुड्यांत लोकांच्या पोटात जाते. माझा एक माजी विद्यार्थी लग्न ठरल्यावर, सगळे काडीपैलवान म्हणून चिडवतात म्हणून, कोणीतरी दिलेल्या अशा गोळ्या घेऊ लागला. काही महिन्यांनी भेटला तेव्हा चेहरा पुरणपोळीसारखा गोल, पोट पुढे आलेले, पोटावर जांभळट चरे, आणि हातपाय मात्र पूर्वीपेक्षा बारीक. स्टेरॉइड चेहऱ्यावर आणि धडावर चरबी चढवते, त्याच वेळी स्नायू झिजवते. घरच्यांना दिसते ती फक्त वाढ. (अशा गोळ्या घेणाऱ्यांनी त्या मनाने एकदम बंदही करू नयेत. शरीराचे स्वतःचे कॉर्टिसॉल तोवर मंदावलेले असते, म्हणून त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवाव्या लागतात.)

यावरून मेदपेशी घडणे म्हणजेच रोग, असा समज कोणी करून घेऊ नये. काही मुले जन्मतःच जवळजवळ मेदऊतीविना असतात. ती सडपातळ असली तरी त्यांना पुढे तीव्र मधुमेह होतो आणि यकृतात चरबी साठते, कारण जिला हक्काची जागा नाही ती चरबी यकृतात आणि स्नायूंत शिरते. मधुमेहावरचे पायोग्लिटाझोन हे औषध नेमके पीपीएआर-गॅमालाच चालना देते. ते घेणाऱ्याचे वजन थोडे वाढते, त्यातला काही भाग अंगात साठणाऱ्या पाण्याचाही असतो, पण चरबी यकृतातून त्वचेखाली सरकते आणि रक्तातली साखर उतरते. माझ्या शेजारणीने तर वजन वाढले म्हणून ही गोळी परस्पर सोडून दिली होती. औषध निर्धोक नाही, हृदय दुर्बल असलेल्यांना ते चालत नाही. केंद्र सरकारने जून २०१३ मध्ये त्याची विक्री थांबवली आणि पुढच्याच महिन्यात इशाऱ्याच्या मजकुरासह ती पुन्हा खुली केली.

आपल्या लोकांचे दुखणे इथेच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासह ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रे छापली. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) २२.३, युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वजनकाट्याला हा फरक कळत नाही. पोटातली चरबी आणि त्वचेखालची चरबी यांची वागणूकही एकसारखी नसते: पाळी असेपर्यंत इस्ट्रोजेन हे स्त्रियांचे संप्रेरक चरबी मांड्या-नितंबांकडे वळवते, पाळी गेल्यावर ती पोटाकडे येते. आमच्या वयाच्या बायकांना ‘बसून खाल्ल्याने पोट सुटले’ हे ऐकावे लागते, ते म्हणूनच अर्धसत्य आहे.

‘वितळवण्या’विषयी थोडेच. स्वीडनमधील संशोधकांनी, अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेल्या कार्बन-१४ च्या आधारे मेदपेशींचे वय मोजून २००८ मध्ये दाखवले की प्रौढांत या पेशींची संख्या जवळपास कायम राहते आणि दरवर्षी सुमारे १० टक्के पेशींची जागा नव्या पेशी घेतात. वजन उतरते तेव्हा पेशी रोडावतात, त्यांची संख्या घटत नाही. त्यामुळे पंधरा दिवसांत चरबी ‘मुळापासून’ घालवणाऱ्या पट्ट्याच्या जाहिरातीला शास्त्राचा आधार नाही, आणि ती आरोग्य पुरवणीच्याच पानावर असू नये, ही माझी पहिली विनंती.

दुसरी विनंती अशी की, नागरिकांच्या तपासणी शिबिरांच्या बातम्या देताना वजनाबरोबर कंबरेचे मापही छापावे. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा आपल्याकडच्या तज्ज्ञांनी २००९ मध्येच सांगितली आहे, आणि शिंप्याची टेप तर प्रत्येक घरात असते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका,
मुलुंड (पूर्व), मुंबई