व्हिडिओत तुझी मनगटं पाहिली

देवगड

चि. मयुरीस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला बेंच प्रेसचा, म्हणजे बाकावर उताणं पडून वजनाचा बार वर ढकलण्याचा, व्हिडिओ काल रात्री पडवीत बसून चार वेळा पाहिला. आईचं लक्ष वजनाकडे होतं, माझं तुझ्या मनगटांकडे. बार वर ढकलताना पंजा मागे पडतो, दांडा बोटांच्या मुळाशी सरकतो आणि सेट संपला की तू उजवा हात झटकतेस. फोनवर "काही नाही ओ बाबा" म्हणालीस. बाय, काही नसताना दर सेटनंतर कोणी हात झटकत नाही.

मी चिरे उचलायला लागलो तेव्हा मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, भार बोटांवर घेऊ नको, तळव्याच्या गादीवर घे. जांभ्याचा चिरा तीसेक किलोचा. बोटांवर धरला की मनगट मुडपतं आणि सगळं ओझं सांध्यावर येतं. बारचंही तेच. दांडा तळव्यात थोडा तिरका, अंगठ्याखालच्या गादीवर बसव, अंगठा भोवती घे, मूठ आवळ. मनगटाच्या बरोबर खाली कोपर हवं. रिकाम्या बारवर हे जमलं की मगच प्लेटा चढव.

फ्रंट स्क्वॉटला, म्हणजे बार पुढे घेऊन बैठका मारताना, तो खांद्यांवर टेकतो, हातांनी पेलायचा नसतो. कोपरं वर ठेव, दोन-तीन बोटं बारखाली असली तरी पुरे. तरीही मनगट ओढलं गेलं तर बारला पट्टे अडकवून ते धर. पुशअप्स डंबेलच्या मुठी धरून मार, म्हणजे मनगट सरळ राहतं. आणि मनगटाचा पट्टा फक्त जड सेटला, तोही सांध्यावरून घे. तू तो खाली हातावर गुंडाळला होतास, तिथे त्याचा उपयोग नाही.

आता माझं ऐक. तू लहान असताना विचारायचीस, बाबा, गाऱ्हाण्याला तुमचे हात नीट का जुळत नाहीत? तुझ्या जन्माआधी मी परांचीवरून पडलो, उजव्या तळव्यावर. एक्स-रेत काही दिसलं नाही, मुका मार म्हणाले. तेल चोळून, फडकं बांधून तिसऱ्या दिवशी कामावर गेलो. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी खळगा पडतो ना, तिथे दुखत राहिलं. सहा महिन्यांनी कळलं, आतलं छोटं हाड मोडलं होतं. या हाडाचा मोड पहिल्या फोटोत कधी कधी दिसत नाही आणि त्याला रक्त कमी मिळतं, म्हणून ते सावकाश सांधतं. माझं नीट सांधलंच नाही. मी पुन्हा दाखवायला गेलो नाही, ही चूक माझीच. तू ती करू नकोस.

तुझं दुखणं तसंच असेल असं म्हणत नाही. पण नेमकं कुठे दुखतं ते बोट ठेवून बघ. करंगळीच्या बाजूला, हात पिळताना? की रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होतात? सूज आहे? बार खाली ठेवल्यावरही ठणकतं? यातलं एकही "हो" असेल तर या शनिवारी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. तोवर हातावर भार येईल असं काही नको, पायांचं मशीनवर चालू ठेव. पैशांचं बघू नकोस, मी पाठवतो.

परवाच्या एसटीने कोकमं, कुळथाचं पीठ आणि आंबोशी पाठवतोय. पिशवी जड आहे, डाव्या हाताने घे.

तुझे बाबा