सेंट लुइसहून पत्र : शेजारणीची कॉफी

सेंट लुइस,
७ जून

प्रिय बाळ्या,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "तुझ्या आजूबाजूला सगळी बोस्नियाची माणसं राहतात म्हणतोस, त्यांच्यात नाव काढलेलं कुणी आहे की नाही?" मी घाईत दोन नावं सांगितली आणि फोन ठेवला. मग रात्री झोप लागेना. नुसत्या नावांतून तुला काय कळणार? आज सुट्टी आहे, घरात कुणी नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसलोय.

आधी शेजारणीचं सांगतो. आई गेली तेव्हा इथे जानेवारीचं बर्फ पडत होतं. विमानं रद्द झाली होती, तिकीट मिळालं ते तिसऱ्या दिवसाचं. तिकडे तू खांदा दिलास, सगळं निभावलंस, आणि इकडे मी स्वयंपाकघरात खुर्चीवर नुसता बसून होतो. दारावर थाप पडली. शेजारची म्हातारी, सत्तरीच्या पुढची, डोक्याला रुमाल, एका हातात झाकलेलं ताट आणि दुसऱ्या हातात तांब्याचं छोटं लांब दांड्याचं भांडं. ती काही बोलली नाही. सरळ शेगडीपाशी गेली, पाणी उकळलं, त्यातलं थोडं एका कपात काढून ठेवलं, बाकीच्यात चांगली चमचे भरून बारीक दळलेली कॉफी घातली आणि भांडं पुन्हा आचेवर धरलं. फेस वर आला तसं खाली उतरवलं, बाजूला ठेवलेलं पाणी वरून ओतलं आणि गाळ बसेपर्यंत थांबली. मग बिनकानाच्या दोन इवल्याशा कपांत कॉफी ओतली. साखरेचा खडा कॉफीत टेकवून त्याचा तुकडा दाताने तोडायचा आणि वर घोट घ्यायचा, हे तिने मला करून दाखवलं. ताटात पालक आणि चीज भरलेली पिटा होती. आपल्याकडे सुतकात चूल पेटत नाही, शेजारीपाजारी पिठलं-भात आणून देतात, तसंच ते ताट होतं. अंधार पडेपर्यंत ती बसून राहिली. तिला इंग्रजी बेताचंच येतं, पण त्या दिवशी भाषेचं कुणाला पडलं होतं?

त्या भांड्याला ते जेझ्वा म्हणतात आणि कपाला फिल्जान. शेजाऱ्याला कोमशिया. त्या दिवसापासून मी तिचा कोमशिया झालो. दर शनिवारी कॉफी ठरलेली. कॉफीलाही त्यांच्यात वेगवेगळी नावं आहेत. पाहुणा आल्याबरोबर द्यायची ती दोचेकुशा, गप्पांबरोबर प्यायची ती रझगोवोरुशा, आणि आता उठा, असं न बोलता सुचवणारी सिक्तेरुशा. तिने मला शेवटची अजून एकदाही दिलेली नाही.

तिच्या बोलण्यात मधूनच असा एखादा शब्द येतो की मी चमकतो. दुकानाला ती दुचान म्हणते. साखर म्हणजे शेचेर. बाजारच्या पिशवीला केसा म्हणते, आणि तो आपला खिसाच, मूळ फारसी. तुर्कांच्या राज्यात त्यांच्याकडे गेलेले शब्द आणि आपल्याकडे दरबारातून आलेले शब्द या विटांच्या घराच्या ओट्यावर एकमेकांना भेटतात. तुला शब्दांचं वेड आहे, म्हणून मुद्दाम लिहितोय.

आता ही माणसं इथे आली कशी ते सांगतो. १९९२ मध्ये युगोस्लाव्हिया फुटताना बोस्नियात युद्ध पेटलं. राजधानी सारायेवोला वेढा पडला तो १,४२५ दिवस. गावंच्या गावं रिकामी केली गेली. १९९५ च्या जुलैत स्रेब्रेनित्सात आठ हजारांहून जास्त पुरुष आणि मुलगे मारले गेले. त्याच वर्षी अमेरिकेतल्याच डेटन गावी तह ठरला, पण परतायला घर उरलं नव्हतं अशी माणसं तोवर जगभर पांगली होती. सेंट लुइसमध्ये ती १९९३ पासून येऊ लागली, इथल्या इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट नावाच्या निर्वासितांच्या संस्थेमार्फत. घरं स्वस्त होती आणि इंग्रजी न येणाऱ्यालाही कारखान्यात काम मिळत होतं. एक कुटुंब रुळलं की ते भावाला बोलवायचं, भाऊ मेहुण्याला. दुसऱ्या शहरांत उतरवलेले बोस्नियनही आपली माणसं आहेत म्हणून सामान उचलून इकडे आले. आज इथे पन्नास हजारांच्या वर बोस्नियन असल्याचा अंदाज सांगतात. युरोपबाहेर त्यांची एवढी मोठी वस्ती दुसरीकडे नाही.

हे शहर तेव्हा ओस पडत चाललं होतं. १९५० मध्ये इथे साडेआठ लाख माणसं राहत होती, २००० साली साडेतीन लाखही उरली नव्हती. बेव्हो मिल म्हणून आमच्या शेजारचा भाग आहे. बिअरवाल्या बुश घराण्याने शंभर वर्षांपूर्वी तिथे एक मोठी पवनचक्की उभारली, कारण तेव्हा तो जर्मनांचा भाग होता. त्यांची मुलंबाळं उपनगरांत निघून गेली आणि मागे लाल विटांची रिकामी घरं राहिली. ती घरं बोस्नियन लोकांनी घेतली. दिवसा कारखाना आणि रात्री फरशी, नळ, छप्पर असं करत स्वतःच्या हातांनी उभी केली. ग्रॅव्हॉय रस्त्यावर बेकऱ्या, कसाई, कॉफीची दुकानं, विम्याची कार्यालयं उघडली. मग ट्रक आले. माझ्या शेजारणीचा मुलगा दुसऱ्याच्या ट्रकवर चालक म्हणून लागला, आज त्याचे स्वतःचे चार आहेत.

सगळं गोडीगुलाबीनं झालं असं नाही. अंगणात अख्खं कोकरू भाजायला लावलं की शेजारी आग लागली म्हणून फोन करायचे. मांस धुरावर वाळवायच्या खोपटांवरून कुरबुरी झाल्या. २०१४ च्या अखेरीस याच बेव्होत एका तरुण बोस्नियनाला रस्त्यात हातोड्यांनी मारून टाकलं. युद्धातून वाचलेली माणसं त्या थंडीत रस्त्यावर उतरली होती, ते सांगताना शेजारणीचा मुलगा अजूनही खाली बघतो. आता पुष्कळ कुटुंबं दक्षिणेकडच्या उपनगरांत गेली आहेत. पण पवनचक्कीजवळच्या चौकात एक लाकडी पाणपोई उभी आहे, वर घुमट असलेली. सारायेवोच्या बाश्चारशिया बाजारात अठराव्या शतकातली सेबिल नावाची पाणपोई आहे, तिची ही हुबेहूब प्रतिकृती. शहराला २५० वर्षं पूर्ण होणार होती, त्यानिमित्त बोस्नियन समाजाने ती शहराला भेट दिली. ज्या गावाने आसरा दिला त्या गावाला पाणपोई बांधून द्यायची, हे मला फार भावलं.

तू विचारलेली नावं आता घेतो.

वेदाद इबिशेविच व्लासेनित्साचा. युद्ध पेटलं तेव्हा सात-आठ वर्षांचा होता. आईने रानात खड्डा खणून त्याला आणि बहिणीला त्यात लपवलं होतं. पुढे तुझ्ला, मग स्वित्झर्लंड, आणि तिथे राहायची परवानगी मिळाली नाही म्हणून सेंट लुइस. इथल्या रूझवेल्ट हायस्कूलमध्ये शिकला, मग सेंट लुइस विद्यापीठाकडून फुटबॉल खेळला आणि तिथून पॅरिसच्या संघात गेला. १५ ऑक्टोबर २०१३ ला लिथुआनियात त्याने मारलेल्या एकमेव गोलावर बोस्निया पहिल्यांदा विश्वचषकाला पात्र ठरला. पुढच्या जूनमध्ये ब्राझीलच्या माराकाना मैदानावर अर्जेंटिनाविरुद्ध देशाचा विश्वचषकातला पहिला गोलही त्याचाच. सामना हरले, २-१ असे. पण त्या रात्री ग्रॅव्हॉयवर निळे-पिवळे झेंडे काय फडकत होते, ते सांगताना शेजारणीचा मुलगा उभा राहतो, बसून सांगूच शकत नाही. खड्ड्यातलं ते पोर आणि माराकानावरचा तो गोल, यांच्या मधली वर्षं याच रस्त्यांवर गेली, आणि इथल्या प्रत्येक घराला तो आपला वाटतो.

अलेक्सांदार हेमोनचं नाव तू ऐकलं असशील. सारायेवोचा पत्रकार, १९९२ च्या सुरुवातीला थोड्या महिन्यांसाठी शिकागोला आला होता. परत निघायच्या बेतात असतानाच शहराला वेढा पडला आणि तो इथेच अडकला. वय सत्तावीस, हाताशी बेताचं इंग्रजी. सँडविचं बनवली, दारोदार वर्गणी मागत फिरला. वाचताना अडलेले शब्द खुणा करून शिकत गेला आणि तीनएक वर्षांत इंग्रजीत कथा लिहू लागला. २००४ मध्ये त्याला मॅकआरthर फेलोशिप मिळाली, इथे ती फार मानाची समजतात. आपण दोघांनी कॉलेजात इंग्रजीच्या धास्तीने काय काय केलं ते आठव, म्हणजे तीन वर्षांत परक्या भाषेत कथा लिहिणं काय असतं ते कळेल.

शिकागोचं निघालंच आहे तर हेही सांगतो. बोस्नियन तिथे युद्धाच्या कितीतरी आधी पोचले होते. १९०६ मध्ये तिथल्या बोस्नियन मुसलमान मजुरांनी परस्परांच्या मदतीसाठी एक मंडळ काढलं, जेमियेतुल हायरिये. कुणी आजारी पडला तर औषधपाणी, कुणी गेला तर माती द्यायचा खर्च. गिरणगावात गावकऱ्यांची मंडळं असायची, त्याच धर्तीवर. पुढे शिकागोच्या जमिनीखालच्या रेल्वेचे बोगदे खणायलाही हे लोक होते.

बाकीची नावं भरभर घेतो. लुका गार्झा, आई बोस्नियन, आयोवा विद्यापीठाकडून खेळताना २०२१ मध्ये अमेरिकेतला सर्वोत्तम कॉलेज बास्केटबॉलपटू ठरला आणि देशाकडून खेळायची वेळ आली तेव्हा बोस्नियाकडून खेळला. आनेसा काय्ताझोविच, निर्वासित म्हणून आलेली मुलगी, २०१० मध्ये चोविसाव्या वर्षी आयोवाच्या विधिमंडळात निवडून आली. इवाना मिलिचेविच ही सिनेमातली नटी सारायेवोला जन्मलेली, घरचे क्रोएट. बोस्नियाचा म्हणजे मुसलमानच असं नाही. तिथे बोस्नियाक म्हणजे मुसलमान, आणि सर्ब, क्रोएट हे ख्रिस्ती, असे तिघे पिढ्यानपिढ्या एका गल्लीत राहिले, म्हणून तर ते युद्ध इतकं जिव्हारी लागलं. आणि एस्मिर बायराक्तारेविच. जन्म २००५ चा, विस्कॉन्सिनमधला, आईवडील स्रेब्रेनित्साचे. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फुटबॉल संघाकडून एक सामना खेळला आणि त्याच वर्षी बोस्नियाकडे गेला. मी शेजारणीला विचारलं, त्याने असं का केलं असेल? ती म्हणाली, "त्याची आई कुठली आहे?" आणि कॉफी ढवळत राहिली.

माझ्या मनात मात्र सगळ्यांत वर आहे ती आइदा शेहोविच. बान्या लुकाची, पंधराव्या वर्षी घर सुटलं, तुर्कस्तान, जर्मनी असं करत अमेरिकेत व्हरमाँटला पोचली आणि कलाकार झाली. स्रेब्रेनित्साच्या बायका तिच्याशी बोलल्या. नवऱ्याबरोबरची कॉफी आता नाही, याचीच सगळ्यांत जास्त उणीव भासते, असं त्यांच्यातली एक म्हणाली. मग आइदाने फिल्जान गोळा करायला घेतले. लोकांनी आपापल्या घरातले कप दिले. २००६ पासून दर ११ जुलैला एका नव्या शहरातल्या चौकात ती कप मांडायची, येणारेजाणारे कॉफी करून ते भरायचे, आणि कुणीही प्यायचं नाही. बॉस्टनला मांडले, शिकागोला मांडले. २०२० मध्ये शेवटची मांडणी स्रेब्रेनित्सातच झाली, ८,३७२ फिल्जान, गेलेल्या प्रत्येकासाठी एक. या कामाचं नाव आहे "श्तो ते नेमा", म्हणजे "तू इथे का नाहीस?"

शेजारणीचे लोक प्रियेदोरकडचे. तिथे १९९२ च्या ३१ मेला सर्ब सत्ताधाऱ्यांचं फर्मान निघालं, सर्ब नसलेल्यांनी घरावर पांढरं फडकं लावायचं आणि दंडाला पांढरी पट्टी बांधायची. त्यानंतर छळछावण्या झाल्या. तिचे दोन भाऊ नेले. २०१३ मध्ये तोमाशित्सा गावाजवळ सामूहिक कबर सापडली, चारशेंहून जास्त माणसांची. त्यात धाकटा ओळखू आला, तिने दिलेल्या रक्तावरून. थोरल्याचा अजून पत्ता नाही.

गेल्या ३१ मेला सकाळी मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेलो तर ती ओट्यावर बसली होती. दंडाला पांढरी पट्टी. समोर तबक, तबकात तीन फिल्जान, तिन्ही भरलेले. मला हाक मारून तिने त्यातला एक माझ्याकडे सरकवला. एक तिने घेतला. तिसरा तसाच राहिला. आम्ही दोघं त्याबद्दल काही बोललो नाही. मी माझा प्यालो, साखर तोडून, तिने शिकवलं होतं तसंच. उन्हं वर आली तरी तिसऱ्या कपावरचा फेस मोडला नव्हता. आईच्या देवघरातलं झाकलेलं नैवेद्याचं ताट माझ्या डोळ्यांपुढे आलं, आणि मग मला तिथे बसवेना. घरी येऊन तोंड धुतलं. हे तुझ्याशिवाय कुणाला लिहिणार?

तुझ्यासाठी तिच्याकडून एक जेझ्वा मागून घेतलीय. पैसे देऊ केले तर रागावली. आईला शेवटचं तू पोचवलंस हे तिला माहीत आहे, म्हणूनच देतेय म्हणाली. दिवाळीला येईन तेव्हा घेऊन येतो. फिल्जानही आणतो, तीन. जेझ्वाला आतून कल्हई आहे, तेव्हा काथ्याने घासू नकोस, वहिनींनाही सांग. कल्हईला ती कलाय म्हणते. आपल्या पेठेत तो कल्हईवाला अजून येतो का रे? चौकशी करून ठेव, पाच-सहा वर्षांनी लागेल.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
पम्या