काकूंच्या गोळ्या आणि वहिनींची रेकी

प्रिय सुन्या,

तुझा भलामोठा मेसेज मिळाला, वहिनी तुझ्या आईला, म्हणजे काकूंना, रेकी (अंगावर नुसते हात ठेवून शक्ती द्यायची आणि बरं करायचं म्हणतात ती पद्धत) देतायत, मग गोळ्यांचं काय करायचं म्हणून. मोबाईलवरच उत्तर टाइप करायला बसलो तर अंगठा दुखायला लागला, म्हणून सरळ पत्र लिहितोय, सावकाश वाच.

आधी कामाचं. काकूंच्या शुगरच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. रेकीच्या मॅडम काहीही सांगू देत, वहिनींनी फर्स्ट डिग्री, म्हणजे रेकीच्या क्लासची पहिली पायरी, केलेली असू दे, गोळी कमी करायची का वाढवायची ते डॉक्टर बघतील. तेवढं धरून बाकीचं वाच.

तू लिहिलंयस की मागच्या वेळी शुगर वाढलेली निघाली तर मॅडम म्हणाल्या, शरीर आतनं साफ होतंय, घाबरायचं नाही. सगळ्यात जास्त हेच खटकलं बघ मला. या हिशोबानं रेकी कधी चुकायचीच नाही की! बरं वाटलं तर रेकीनं, नाही वाटलं तर साफसफाई चालू आहे. आणि शुगर इतकी लबाड, वाढली तरी कित्येक दिवस माणसाला पत्ता लागत नाही, तोवर आत डोळे, किडनी, पायाच्या नसा हळूहळू खराब होत असतात. काकू फ्रेश वाटतंय म्हणतात ते खोटं नाही, पण त्यावरनं शुगर कळत नाही. एचबीएवनसी ही रक्ताची टेस्ट करून घे, मागच्या दोनतीन महिन्यांची सरासरी त्यात येते, एका दिवसाच्या उपवासानं ती खाली येत नाही.

आता फ्रेश का वाटतं म्हणशील तर ते मला पटतं रे. काकूंनी अख्खं आयुष्य बिड्या वळण्यात घालवलं, मान खाली घालून, वर घरचं सगळं. आता तासभर नुसतं पडायचं, कुणी काम सांगत नाही, डोक्यावर खांद्यावर कुणीतरी अलगद हात ठेवतंय, मसाजसुद्धा नाही, नुसता हात. त्यांच्या अंगाला असा मायेनं हात कुणी कधी लावलाय सांग. अमेरिकेत कॅन्सरसाठी केमो घेणाऱ्या १८९ पेशंटवर एक अभ्यास झालता, २०११ ला छापून आला. काहींना खरी रेकी दिली, काहींना रेकीची नुसती नक्कल केली, बाकीच्यांना नेहमीचीच ट्रीटमेंट. बरं वाटलं ते पहिल्या दोघांनाही, खऱ्यातही आणि नकलेतही! मला तर यातनं एवढंच दिसतं की शेजारी बसलेलं माणूस कामाला येतं. मग वहिनींनी रोज संध्याकाळी सासूच्या डोक्यावर हात ठेवून बसावं की, माझी कसली हरकत. सेकंड डिग्रीची फी भरायची गरज मात्र मला दिसत नाही, पुढं तुझे पैसे, तुझी मर्जी.

आणि ते रेकी म्हणजे हजारो वर्षांची तिबेटी विद्या म्हणून मॅडमच्या पॅम्प्लेटवर छापलंय न्हवं, ते सोड. मिकाओ उसुई नावाचा जपानी माणूस, जन्म १८६५ चा, क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावर २१ दिवस उपासतापास करून बसला आणि १९२२ ला टोकियोत शिकवायला लागला. चार वर्षांत वारला पण. शंभरएक वर्षांची गोष्ट आहे. पुढं हवाईतल्या हवायो टकाटा बाईंनी ती जपानबाहेर नेली, आणि त्या सांगायच्या की उसुई ख्रिश्चन कॉलेजात शिकवायचे, शिकागो युनिव्हर्सिटीत शिकले. लोकांनी जाऊन शोधलं तर तसली कसली नोंदच नाही. १९८० ला त्या वारल्या तोवर २२ जणांना मास्टर, म्हणजे रेकी शिकवणारे, केलं होतं आणि मास्टरची फी होती १० हजार डॉलर. त्या काळचे! आपल्याकडचे क्लासवाले त्या मानानं गरीबच म्हणायचे.

काकूंना वाटतंय ना की दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्या बाईनं हे केलं तर दत्तगुरू रागावतील, त्यांना सांग, यात दुसरा कुठला देव मानायला लागत नाही. उसुईंची शिकवण म्हणजे फक्त आजच्या दिवसापुरतं चिडू नको, काळजी करू नको, आभार मान, काम नीट कर, सगळ्यांशी प्रेमानं वाग. चिडू नको हे वाडीच्या पुजाऱ्यानं सांगितलं असतं तरी काकूंनी ऐकलं नसतं, ते वेगळं.

वहिनी मिठाच्या पाण्यात हात बुडवून बसतात, सासूचा आजार आपल्याला लागेल म्हणून, त्यांनाही सांग. रेकीवाल्यांचंच म्हणणं आहे की शक्ती आपली जात नाही, आपल्यातनं वाहते. मग भीती कसली? डायबेटिस हातानं लागत नाही, एवढं तरी डॉक्टर आणि रेकीवाले दोघांना मान्य असावं.

आणखी एक, त्या पॅम्प्लेटवर "डायबेटिस मुळापासून बरा" असं खरंच छापलं असेल तर ते जपून ठेव. जादूटोण्याच्या उपायांनी असले आजार बरे करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या केंद्राच्या कायद्यानं बंदी आहे. मॅडमशी भांडायला जाऊ नको, ती ओळ काढा म्हणून सांग फक्त.

रविवारी मी बेळगावातनं सकाळच्या बसनं निघतोय, दहाच्या आसपास निपाणीत. काकूंची जुनी रिपोर्टची फाईल काढून ठेव, आणि गोळ्यांची पाकिटंपण, कुठली चालू आहे आणि कुठली गुपचूप बंद केलीय ते मला बघायचंय. बेळगावची मिठाई, कुंदा, यावेळी आणत नाही, मागू नको.

तुझा,
बाळ्या