लग्नाच्या बैठकीत जनुकांचा अहवाल नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला आनुवंशिक आजारांवरचा लेख वाचला. लग्नाआधी मुलामुलींच्या जनुकचाचण्या सक्तीच्या कराव्यात, ही त्यातली सूचना खटकली म्हणून लिहिते आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं आणि माझ्या सासरी हंटिंग्टनचा आजार आहे, मेंदूचा, पिढ्यान्‌पिढ्या चालत येणारा.

थोरल्या दिरांची चाल चाळिशीत बिघडली. हातपाय आपोआप हलायचे, घास तोंडापर्यंत जाईना. गावानं ठरवून टाकलं, दारू! आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस. निदानाला सहा वर्षं गेली. पुढे या आजारावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नॅन्सी वेक्सलर यांच्याविषयी वाचलं आणि अंगावर काटा आला. १९६८ मध्ये लॉस एंजेलिसला त्यांच्या आईला रस्त्यात एका पोलिसानं हटकलं होतं, सकाळी सकाळी प्यायलात, लाज नाही वाटत? त्यांनाही हंटिंग्टनच होता. आईवडिलांपैकी एकाला हा आजार असला, की प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी. म्हणजे नॅन्सी आणि त्यांच्या बहिणीलाही तेवढीच.

नॅन्सीबाई मानसशास्त्राच्या. पण त्या व्हेनेझुएलात माराकाइबो सरोवराकाठच्या गावांत जाऊन राहिल्या. तिथे या आजाराची घराणीच्या घराणी आहेत. वर्षानुवर्षं जाऊन त्यांनी अठरा हजारांहून अधिक माणसांची वंशावळ मांडली, हजारो जणांचं रक्त गोळा केलं. कातडीचा तुकडा द्यायला लोक बिचकले, तेव्हा त्यांनी स्वतःही तो दिल्याचा आपल्या दंडावरचा व्रण दाखवला. मीही तुमच्यातलीच आहे, हे सांगायला तेवढं पुरलं. त्या रक्तामुळे १९८३ मध्ये दोष चौथ्या गुणसूत्रावर असल्याचं कळलं आणि १९९३ मध्ये जनुक हाती लागलं. शोधाच्या बातम्यांत शास्त्रज्ञांची नावं येतात, रक्त देणारे ते गरीब कोळी येत नाहीत, हे जाता जाता.

दोष सांगायला सोपा आहे. या जनुकात सी-ए-जी ही डीएनएची तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. ३५ वेळांपर्यंत आली तर आजार होत नाही. ४० किंवा जास्त झाली, की आयुष्यात कधी ना कधी होतोच. मधल्या आकड्यांना होईल किंवा होणारही नाही. लांबलेल्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाच्या गुठळ्या होतात आणि मेंदूच्या तळाशी, हालचालींना वळण देणाऱ्या भागातल्या पेशी मरतात. पण अहवालातला आकडा आजार सुरू होण्याची तारीख सांगत नाही. हार्वर्डच्या स्टीव्हन मॅकॅरोल यांच्या गटानं २०२५ मध्ये दाखवलं, की या पेशींमध्ये ही पुनरावृत्ती जन्मभर वाढत राहते आणि सुमारे १५० च्या पुढे गेल्यावरच पेशी बिघडायला लागते. म्हणजे तोवर कित्येक दशकं ती पेशी आपलं काम नीट करत असते.

आणि तो अहवाल घेऊन करायचं काय? आजार थांबवणारं औषध आज बाजारात नाही. म्हणून तर ही चाचणी समुपदेशनानंतर आणि सज्ञान माणसाच्या स्वतःच्या इच्छेनंच करायची, असा जगभरचा शिरस्ता आहे. जिच्या खटपटीतून ही चाचणी आली, त्या नॅन्सीबाईंनीही स्वतःविषयीचं उत्तर वर्षानुवर्षं जगाला सांगितलं नाही. आपल्याला हाच आजार असल्याचं त्यांनी जाहीर केलं ते २०२० मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी. आमच्या घरीही यजमानांनी चाचणी केली नाही. सत्तरीत ते रोज टेकडी चढतात, त्यावरून आम्ही काय ते समजलो.

माझ्या पुतण्याला गेल्या वर्षी एक स्थळ आलं. वडिलांचा आजार त्यानं पहिल्याच भेटीत सांगितला. तो लपवला असता तर मीच त्याचा कान धरला असता. मुलगी तयार होती. तिच्या काकांनी मात्र पत्रिकेसोबत रक्ताचा अहवाल मागितला. पुतण्या नाही म्हणाला आणि बैठक मोडली. मंगळ असला तर शांत तरी करता येतो हो, चौथ्या गुणसूत्राची शांत कोणता गुरुजी करणार? चाचणी सक्तीची झाली, तर उद्या प्रत्येक बैठकीत असा एक काका असेल आणि त्याच्या हातात कायदा असेल.

पत्र छापलंत तर कृपया नाव-गाव छापू नका. पुतण्यासाठी पुन्हा स्थळं बघतो आहोत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका