आठची आठवण पावणेनऊला का वाजते

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, काल व्हिडिओ कॉलवर तुम्ही दाखवलेत, की आईच्या रात्री आठच्या गोळीची आठवण पावणेनऊला, तीही तुम्ही फोन उचलून स्क्रीन उजळल्यावरच वाजली. त्यावरूनच मला कारण उमगले. फोन बराच वेळ टेबलावर पडून राहिला, की बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइड अ‍ॅप्सची कामे मागे ढकलते आणि फोन हातात घेताच ती एकदम मोकळी करते. ठरल्या मिनिटाला गजर वाजवण्याची परवानगी असलेले अ‍ॅप मात्र या अडवणुकीतून सुटते. ही परवानगी २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून वेगळी झाली, आणि २०२३ च्या अँड्रॉइड १४ पासून नव्याने टाकलेल्या बहुतेक अ‍ॅप्सना ती आपोआप मिळत नाही. अपडेटनंतर आवाज येईना म्हणून तुम्ही अ‍ॅप काढून पुन्हा टाकलेत, तेव्हा जुन्या नोंदी खात्यातून परत आल्या, पण परवानगी गेली. यात तुमची काहीच चूक नाही. तुमच्या जागी मीही तेच केले असते.

आता सेटिंग्जमध्ये वरच्या शोधपट्टीत ‘अलार्म’ असे लिहा. ‘अलार्म आणि रिमाइंडर’ हे पान उघडले, की यादीतील आपल्या अ‍ॅपपुढचे बटण सुरू करा. मग त्याच अ‍ॅपच्या माहितीत जाऊन सूचना सुरू आहेत ना आणि आठवणीचा प्रकार ‘सायलेंट’वर नाही ना, तेवढे पाहा, अपडेटनंतरचा पहिला घोटाळा बहुधा तिथलाच असावा. बॅटरीच्या पानावर त्या अ‍ॅपवरील निर्बंधही काढा. गजराचा आवाज रिंगटोनच्या आवाजापासून वेगळा असतो, तोही वाढवून ठेवा.

चाचणीसाठी दीड तासानंतरची एक आठवण लावा आणि फोन चार्जिंगला न लावता, स्क्रीन बंद करून टेबलावर तसाच राहू द्या. चार्जिंगवर असताना फोन पूर्ण झोपत नाही, त्यामुळे खरी परीक्षा होत नाही.

आई, हे नीट जमेपर्यंत तुझी गोळी फोनच्या भरवशावर ठेवायची नाही. रोज आठला मी स्वतः फोन करेन. चाचणीत आठवण किती वाजता वाजली, ते बाबांनी मला लगेच कळवावे.

तुमची लाडकी,
ताई