डॉक्टरबाई, आपले मनापासून आभार

आदरणीय डॉक्टरबाई,
सप्रेम नमस्कार.

आपल्याकडे येण्यापूर्वी मुंबईतल्या बऱ्याच दवाखान्यांत मी माझे सुजलेले हात दाखवून आले होते. कोणी चाळिशी उलटल्याचे कारण दिले, कोणी इथल्या दमट हवेचे, कोणी आंबट बंद करायला सांगून कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. पण सकाळी तासभर मूठ वळत नाही आणि दोन्ही हातांची तीच बोटे दुखतात, एवढे ऐकून घ्यायलाही कोणाला सवड नव्हती. तो राग अजून निवलेला नाही, कारण मला झालेल्या या आजारात, म्हणजे आमवातात (रुमेटॉइड आर्थ्रायटिस), एकदा पोखरले गेलेले हाड पूर्ववत होत नाही.

आपण मात्र रिपोर्टांची फाईल बाजूला ठेवून आधी माझे दोन्ही हात हातात घेतले. एकेक सांधा अंगठ्याने हलकेच दाबताना आपली नजर माझ्या चेहऱ्यावर होती, त्यामुळे कळ कुठे आली हे मला बोलून सांगावे लागले नाही. ते आठवले की आजही डोळे भरून येतात.

मग केसपेपरच्या पाठीमागे चित्र काढून आपण समजावले, की जंतूंशी लढणारी रोगप्रतिकारशक्तीच सांध्याच्या आतल्या नाजूक अस्तरावर उलटते, तिच्या पेशी टीएनएफ आणि आयएल-६ यांसारखी दाह भडकवणारी प्रथिने सोडत राहतात आणि जाड झालेले अस्तर कूर्चा (हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण) व हाड कुरतडू लागते; म्हणजे कुंपणानेच शेत खावे तसे. या आजाराची खूण असलेली अँटी-सीसीपी प्रतिपिंडे लक्षणांच्या काही वर्षे आधीपासूनही रक्तात असू शकतात, हे कळल्यावर माझ्याच खाण्यापिण्याने हे ओढवले ही रुखरुख संपली. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून काढे आणून देणाऱ्या नातेवाइकांना मी आता सांगते, की ती वाढवायची नसून आवरायची आहे.

प्रतिकारशक्ती आवरणारे मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे, रोज घेणे जिवावर बेतू शकते, म्हणून आपण चिठ्ठीवर वार ठळक लिहिला. गोळ्यांनी भागले नाही तर टीएनएफ रोखणारी इंजेक्शने आहेत आणि १९९२ साली लंडनमध्ये या आजारावर ती प्रथम वापरणाऱ्या दोघांपैकी रविंदर मैनी हे लुधियानात जन्मलेले, हेही आपण आवर्जून सांगितले. बाहेर रुग्ण खोळंबलेले असताना इतक्या आपुलकीने बोलणारी माणसे या शहरात आहेत, याचा मला फार आधार वाटतो.

आता लोकलमध्ये वरची कडी धरून उभी राहू शकते. रक्ताच्या आणि यकृताच्या तपासण्या वेळेवर करत आहे. रिपोर्ट घेऊन पुढच्या महिन्यात येईन.

आपली कृतज्ञ,
दादरची एक रुग्ण